कासवाच्या अंड्यातले नर मरत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात परवा समुद्री कासवांवर बातमी होती, चार कॉलम आणि वर मोठा फोटो. हेडिंग असं की गरमीमुळे जगातली ९९ टक्के समुद्री कासवं आता माद्याच आहेत, आणि आत एक वाक्य असं की वाढत्या तापमानात नर पिल्लं तग धरत नाहीत. कासवांना एवढी जागा दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते कारण तिच्यामुळे या विषयाचा गाभाच वाचकाच्या हातून निसटतो. मी जीवशास्त्र शिकवते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंड्यातली वाढ हा माझ्या फार जवळचा विषय आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. जागा कमी पडली तर कुठंही कात्री लावा, फक्त नरांबद्दलचं तेवढं ठेवा.

आधी ९९ टक्क्यांचं सांगते. हा आकडा खरा आहे पण जगातल्या सगळ्या कासवांचा नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, हिरव्या समुद्री कासवांवरचा, म्हणजे एकाच जातीवरचा. तिथं उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मणारी आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर जन्मणारी अशी दोन वेगळी कुळं आहेत आणि चरायला ती समुद्रात एकत्र येतात. लहान कासव बाहेरून बघून नर की मादी काही कळत नाही, म्हणून संशोधकांनी रक्तातले हार्मोन तपासून लिंग ठरवलं आणि डीएनएवरून कुठलं कासव कुठल्या किनाऱ्यावरचं ते शोधलं. उत्तरेकडच्या लहान कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या, तिथल्याच पूर्ण वाढलेल्या कासवांमध्ये हे प्रमाण सुमारे ८७ टक्के होतं, आणि दक्षिणेकडच्या थोड्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांमध्ये ६५ ते ६९ टक्के. या तीन आकड्यांकडे एकत्र बघितलं की चित्र लगेच कळतं, उत्तरेत परिस्थिती पिढी दर पिढी बिघडत गेलीय आणि दक्षिणेत अजून तशी नाही. त्यातला एकच आकडा उचलून जगाला लावला तर अभ्यासानं जे दाखवलं तेच गायब होतं.

आता नरांचं. गरमीत नर मरत नाहीत हो, तिथं नर तयारच होत नाहीत. समुद्री कासवांमध्ये आपल्यासारखी एक्स-वाय गुणसूत्रं नसतात. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव नर होणार की मादी हे ठरलेलंच नसतं. ते ठरतं वाळूतल्या अंड्याच्या तापमानावर, आणि तेही वाढीच्या साधारण मधल्या एक तृतीयांश काळात. समुद्री कासवांमध्ये २९ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्या खाली गेलं की नर वाढत जातात आणि वर गेलं की माद्या. म्हणजे तेच अंडं, तोच बलक, तेच आईबाप, थोड्या थंड वाळूत नर झालं असतं ते गरम वाळूत मादी होतं. कोणी मेलेलं नाही.

नर मरत असतील ही शंका काही अडाणीपणाची नाही, सुरुवातीला अभ्यासकांनाही तीच होती, म्हणून तर जेम्स बुल आणि रिचर्ड व्होग्ट यांनी १९७९ मध्ये कासवांवर प्रयोग केले तेव्हा किती अंडी वाया गेली याचाही हिशोब ठेवला, आणि अंडी इतकी कमी वाया गेली होती की नर-मादी प्रमाणातला फरक मरणानं समजावताच येईना. शिवाय साधी गोष्ट बघा, गरमीत नर तग धरत नसते तर टुआटाराचं काय? न्यूझीलंडमधला हा पुरातन सरपटणारा प्राणी, त्याच्यात उलटं आहे, गरम अंड्यातून नर येतात आणि थंड अंड्यातून माद्या. अमेरिकन ॲलिगेटर मगरीत तर ३० अंशांना माद्या, ३३ च्या आसपास जवळजवळ सगळे नर, आणि त्याच्याही वर गेलं की परत माद्या. अति तापमानात भ्रूण मरतात हे खरंच आहे आणि कासवांच्या बाबतीत तोही मोठा धोका आहे, पण तिथं नर-मादी असा भेद नसतो. या दोन वेगळ्या संकटांची बातमीत सरमिसळ झालीय.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते वाचकांना कळायला हवं असं मला फार वाटतं. मॅडलिन शार्निए नावाची फ्रेंच जीवशास्त्रज्ञ, सेनेगलमधल्या डाकारला काम करायची. अगामा अगामा नावाचा सरडा, ज्याच्या नराचं डोकं विणीच्या काळात केशरी होतं, त्याची अंडी ती वेगवेगळ्या तापमानाला उबवत होती. २६-२७ अंशांना ठेवलेल्या अंड्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या आणि २९ ला ठेवलेल्यांतून नर. दोन-तीन अंशांचा फरक फक्त! १९६६ मध्ये तिनं हे एका छोट्या फ्रेंच टिपणात छापलं, पश्चिम आफ्रिकेतल्या एका जीवशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत. आणि पुढं बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. लिंग गुणसूत्रांवर ठरतं हे तेव्हा इतकं पक्कं मानलं जायचं की तापमानानं ठरतं म्हणणारं टिपण कोण मनावर घेणार. मग फ्रान्समध्ये क्लोद पिओ यांना ७० च्या दशकात कासवांमध्ये तेच दिसलं, मग बुल आणि व्होग्ट, मग १९८२ मध्ये फर्ग्युसन आणि जोआनन यांनी ॲलिगेटरवर केलेलं काम, आणि तेव्हा कुठं सगळ्यांना पटलं की हा एखाद्या सरड्याचा विचित्रपणा नाहीये. आज मगरी सगळ्या, बहुतेक कासवं, बरेच सरडे या यादीत आहेत. शार्निएचं नाव मात्र अजूनही फार थोड्यांना माहीत आहे. ग्रेट बॅरियर रीफवरचा तो ९९ टक्क्यांचा आकडा वाचून आपण घाबरतो, पण त्या आकड्याचा अर्थ लावता येतो तो तिच्यासारख्यांनी सरड्याची अंडी घेऊन बसून केलेल्या कामामुळे, ज्याचा तेव्हा कुणालाही काही उपयोग दिसत नव्हता.

बरं, तापमान नेमकं करतं काय? हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते. भ्रूणात सुरुवातीला जननग्रंथी एकच असते, तिच्यात वृषण व्हायचीही तयारी असते आणि अंडाशय व्हायचीही. कासवांमध्ये ऊब जास्त मिळाली की अरोमाटेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं, ते पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री हार्मोन, बनवतं आणि ग्रंथी अंडाशयाच्या वाटेला लागते. हे इतकं पक्कं आहे की नर होणाऱ्या तापमानाला ठेवलेल्या अंड्याच्या कवचावर बाहेरून इस्ट्रोजेनचा थेंब लावला तरी आतून मादी निघते, डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेड-इअर्ड स्लायडर कासवांवर हे करून दाखवलंय. (यातून आणखी एक काळजीची गोष्ट निघते, इस्ट्रोजेनसारखी वागणारी प्रदूषक रसायनं अंड्यापर्यंत पोचली तर काय होईल, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

पण तापमान ही बातमी पेशीतल्या जनुकांपर्यंत पोचते कशी हे अनेक वर्षं कोडं होतं. २०१८ मध्येच, म्हणजे त्या ९९ टक्क्यांच्या वर्षीच, ब्लांश केपल आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी याच स्लायडरमध्ये एक मोठा दुवा शोधला. हे कासव २६ अंशांना नर होतं आणि ३२ ला मादी. केडीएम६बी नावाचं एक जनुक २६ अंशांना जोरात चालू असतं, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरची एक रासायनिक खूण ते पुसून टाकतं, त्यामुळे डीएमआरटी१ हे नर घडवणारं जनुक मोकळं होतं आणि ग्रंथी वृषण बनायला लागते. संशोधकांनी केडीएम६बी दाबून टाकलं तर २६ अंशांना ठेवलेली बहुतेक भ्रूणं मादीच्या दिशेनं गेली. मग २०२० मध्ये पुढची कडी सापडली, गरम तापमानात पेशीत कॅल्शियम जास्त येतं, त्यानं स्टॅट३ नावाचं प्रथिन सक्रिय होतं आणि ते केडीएम६बी ला दाबतं. म्हणजे वाळूची ऊब, पेशीतलं कॅल्शियम, एक प्रथिन, एक जनुक, मग दुसरं जनुक आणि शेवटी नर किंवा मादी. ही सगळी साखळी अंड्यात, पिल्लू बाहेर पडायच्या कितीतरी आठवडे आधी होऊन जाते. आणि आपण बातमी करतो ती पिल्लू वाळूतून डोकं बाहेर काढतं तेव्हापासून.

आणि कृपया हेही लक्षात घ्या की तापमान आणि गुणसूत्रं यांच्यात दरवेळी सरळ वाटणी नसते. ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा घ्या, त्याला लिंग ठरवणारी गुणसूत्रं आहेत, तरी अंडी ३२ अंशांच्या वर उबवली गेली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन बाहेर येतात, आणि नुसती दिसायला मादी नाही, त्या अंडीही घालतात. २०१५ मध्ये असे उलटलेले सरडे निसर्गातही सापडले. अशा माद्यांची पुढची पिल्लं तर पूर्णपणे तापमानावरच नर-मादी ठरतात, म्हणजे एका पिढीत पद्धतच बदलली. मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं होतं.

अंडं म्हणजे बंद डबी, आत आपोआप पिल्लू तयार होतं आणि वेळ झाली की बाहेर येतं, असं जे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अजिबात खरं नाही. आतलं भ्रूण बाहेरचं सतत घेत असतं, ऊब, ओल, ऑक्सिजन, आवाजसुद्धा. नाईल मगरीची पिल्लं अंड्यातूनच आवाज काढतात, तो ऐकून शेजारच्या अंड्यातली भावंडं फुटायला लागतात आणि आई येऊन वरची माती उकरते. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातलं डुक्करनाक्या कासवाचं पिल्लू अंड्यात पूर्ण तयार झालं तरी थांबून राहतं, पुराचं पाणी घरट्यात आलं की मगच झटक्यात बाहेर पडतं. अंड्यातलं कासवाचं भ्रूण उबेकडे स्वतः सरकतं असंही चिनी संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं होतं, त्यावर इतर अभ्यासकांनी जोरदार शंका घेतल्यात आणि तो वाद अजून चालू आहे, पण असा वाद होऊ शकतो यातच किती आलं.

एक व्यवहारातली गोष्ट सांगते जी बातम्यांच्या फोटोंमध्ये हमखास चुकलेली दिसते. कासवाची अंडी उचलून हातात गोल फिरवत बघणारी माणसं. कोंबडी अंडी फिरवते, ती फिरवावीच लागतात, म्हणून लोकांना वाटतं सगळीच अंडी फिरवलेली चालतात. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी दोऱ्यांसारख्या पट्ट्यांनी टांगलेला असतो, सरपटणाऱ्यांच्या अंड्यात त्या पट्ट्या नसतात. कासवाचं अंडं घातल्यावर थोड्याच काळात भ्रूण वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतं, तिथं बाहेरून पांढरा डागही दिसायला लागतो, आणि त्यानंतर अंडं उलटं केलं तर भ्रूण मरू शकतं. आईच्या पोटात असताना मात्र ही भीती नसते, कारण तिथं ऑक्सिजन इतका कमी असतो की भ्रूणाची वाढ अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर थांबून राहिलेली असते, आणि अंडं बाहेर हवेत आलं की ती परत सुरू होते. म्हणून अंडी हलवायचीच असली तर घातल्यावर पहिल्या काही तासांत, आणि वरची बाजू वर ठेवूनच, असं हॅचरीत, म्हणजे कासवाची अंडी राखून उबवतात तिथं, काम करणारे सांगतात. यामागे कुणाचा हट्ट नाही, भ्रूणशास्त्र आहे.

मघाशी मधला एक तृतीयांश काळ म्हटलं, तर तो मधला काळ ओळखायचा कसा? दिवस मोजून चालत नाही, कारण गार अंड्यात वाढ हळू होते आणि गरम अंड्यात भराभर. त्यासाठी भ्रूणाच्या वाढीचे टप्पे आखावे लागतात, डोळा कधी दिसला, पायांचे कोंब कधी आले, बोटं कधी सुटी झाली, खवले कधी. रोज अंडी उघडून, भ्रूण जपून ठेवून, चित्रं काढून कुणीतरी हे करावं लागतं. आपल्याला बागेत दिसतो तो साधा सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर, त्याच्या वाढीचे ४२ टप्पे मुथुकरुप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही या सरड्यावर काम करणारे त्या टप्प्यांचाच आधार घेतात. असल्या कामाला कधी हेडिंग मिळत नाही. पण हे टप्पे नसतील तर तापमानाचा प्रयोग केला तरी तो नेमका कधी लागू पडला हे सांगताच येणार नाही. या कामाची परंपराही जुनी आहे, मार्टिन राटके यांनी सापाच्या अंड्यातल्या वाढीवर अख्खा ग्रंथ लिहिला तो १८३९ मध्ये, तेव्हा तर जनुक हा शब्दही नव्हता. त्याच्या थोडं आधी फॉन बेअर या भ्रूणशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय की त्यांच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेली दोन छोटी भ्रूणं होती ज्यांना चिठ्ठी लावायची राहून गेली, आणि आता ती सरड्याची, पक्ष्याची की सस्तन प्राण्याची हे त्यांनाही ओळखता येईना. सुरुवातीला आपण सगळे इतके सारखे दिसतो.

वेगळेपण येतं ते पुढं, आणि ते येताना बघायला मिळणं हीच या शास्त्राची खरी गंमत. सापाला पाय नाहीत हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण अजगराच्या भ्रूणाला मागच्या पायांचे कोंब येतात हे किती जणांना माहीत आहे? ते येतात, थोडे वाढतात, आणि मग थांबतात. मोठ्या अजगराच्या शेपटीजवळ दोन छोटी नखं असतात ती त्यातूनच उरलेली. मार्टिन कोह्न आणि फ्रान्सिस्का लील यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पाय वाढवणारं सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक अजगराच्या कोंबात चालू होतं पण फार लवकर बंद पडतं. जनुक बिघडलेलं नाही, ते चालू करणारा डीएनएचा दूरचा तुकडा सापांमध्ये झिजलाय. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या गटानं सापाचा तो तुकडा उंदरात घातला तर उंदराचे पाय नीट वाढलेच नाहीत, खुंट राहिले, आणि त्यात सापांमध्ये गळालेली डीएनएची १७ अक्षरं परत भरली तर पाय पुन्हा व्यवस्थित आले. सतरा अक्षरं!

काही सापांचे ३०० च्या वर मणकेही अंड्यातच मोजून होतात. भ्रूणाच्या पाठीत एकामागून एक कप्पे पडत जातात आणि त्यातून मणके होतात, ऑलिव्हिए पुर्के यांच्या गटानं २००८ मध्ये कॉर्न स्नेकमध्ये बघितलं तर त्याचं हे कप्पे पाडणारं घड्याळ वाढीच्या वेगाच्या मानानं उंदरापेक्षा कितीतरी भरभर चालतं, म्हणून कप्पे छोटे आणि खूप जास्त. कासवाची पाठही अशीच, आपलं खांद्याचं सपाट हाड बरगड्यांच्या बाहेर असतं, कासवाचं आत. हे कसं शक्य आहे यावर शंभर वर्षं डोकी खाजवून झाली होती. जपानमध्ये शिगेरू कुरातानी यांच्या गटानं मऊ पाठीच्या चिनी कासवाची भ्रूणं टप्प्याटप्प्यानं तपासून २००९ मध्ये दाखवलं की बरगड्या छातीकडे न वळता पाठीतच बाहेरच्या बाजूला पसरतात, शरीराची भिंत आत दुमडते आणि हाड आपोआप आत जातं. त्याच्या आदल्या वर्षी चीनमध्ये २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाचा जीवाश्म सापडला होता, ओडोंटोकेलिस, त्याला पोटाचं कवच पूर्ण होतं आणि पाठीचं नव्हतं, आणि त्याच्या बरगड्या कासवाच्या भ्रूणातल्या एका टप्प्याशी जुळतात. जीवाश्म आणि भ्रूण असे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा त्यावर पहिल्या पानावर बातमी व्हायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं.

तेव्हा माझी विनंती आहे की ९९ टक्के हा आकडा उत्तर ग्रेट बॅरियर रीफवरच्या लहान हिरव्या कासवांचा आहे, आणि गरम वाळूत नर मरत नाहीत तर ती भ्रूणं मादी म्हणून वाढतात, एवढी दुरुस्ती त्याच पानावर छापावी. आणि पिल्लं समुद्रात सोडल्याच्या बातम्या तुम्ही करताच, त्या वेळी वार्ताहरांना हॅचरीतल्या माणसांना थोडं आणखी विचारायला सांगा. घरट्यात तापमान मोजायचं यंत्र ठेवलं होतं का, मधल्या काळात ते किती अंश होतं, अंडी घातल्यावर किती तासांत हलवली, वर सावली केली होती का. किती पिल्लं समुद्रात गेली याच्या शेजारी हे चार आकडे छापून आले तर त्यातली साधारण किती नर असतील याचा अंदाज कुठलाही अभ्यासक घरबसल्या करू शकेल, आणि सावली घातल्यानं फरक पडतोय की नाही हेही दोन-तीन हंगामांत कळेल. तापमानाचे आकडे समजावून सांगायला कुणी हवं असेल तर मी आनंदानं मदत करीन, माझा पत्ता कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपली,
एक नियमित वाचक